चर्चमंडळीच्या ग्रुपवर: पुढचा बाक कोणाचा?

गोडोलीच्या मावशी: सर्वांना जय ख्रिस्त. कालच्या उपासनेत कोरेगावहून आलेल्या कुटुंबाला पहिल्या बाकावरून उठवून मागे बसवण्यात आले, कारण ती जागा ‘जुन्या सेवेकऱ्यांची’ आहे. त्या बाईंच्या कडेवर तान्हे मूल होते. मन अस्वस्थ आहे, म्हणून सर्वांसमोर लिहीत आहे.

सदरबझारचे काका: मावशी, आपल्या भावनेचा आदर आहे. परंतु ज्यांनी भर पावसात वर चढून कौले बदलली आणि नाताळात रात्री जागून मंडप उभारला, त्यांना बसायला एक ठरलेली जागा असू नये काय? वर्धापनदिनाच्या अहवालात माझे नावही आले नाही, तरी मी कधी तक्रार केली नाही.

शाहूपुरीच्या ताई: काका, अहवालाचा विषय आपण मागील सभेतही काढला होता, एवढे नम्रपणे नमूद करते.

करंजे पेठेतील दादा: माझी सूचना अशी की, सेवेची यादी दर महिन्याला बदलावी. कपाटाची चावी, पेटीवादन, ध्वनिक्षेपक, दानाची मोजणी, सर्व आळीपाळीने व्हावे.

सदरबझारचे काका: चावीचा येथे काय संबंध? त्या कपाटातली प्रभुभोजनाच्या विधीची भांडी मी स्वतः पुसतो. गेल्या वर्षी मुलांच्या हातून पेला हरवला, तो कोणी भरून दिला हे सर्वांना ठाऊक आहे.

शाहूपुरीच्या ताई: पेला भरून आला, पण त्या मुलांना पुन्हा कोणी मेजाजवळ बोलावले नाही. तरुण संघ रोडावला, त्याचे कारण शोधायला लांब जायला नको.

करंजे पेठेतील दादा: पुन्हा लिहितो, सेवेची यादी दर महिन्याला बदलावी.

शाहूपुरीचे सर: बंधूंनो, लूकच्या 17 व्या अध्यायातला दास दिवसभर नांगरून घरी येतो, तरी आधी धन्याला वाढतो आणि मग स्वतः जेवतो, आणि सगळे केल्यावरही, करणे भाग होते तेवढेच आम्ही केले, असे म्हणायला प्रभू शिकवतो. हे ऐकायला कठोर वाटते, पण तेच शिकवणाऱ्या प्रभूने योहानाच्या 13 व्या अध्यायात कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, आणि त्यांत यहूदाचेही पाय होते, तो आपल्याला शत्रूंच्या हाती धरून देणार हे माहीत असताना. सेवा घेणाऱ्याची योग्यता त्याने पाहिली नाही, मग आपण आपल्या सेवेचा हिशेब कोणापुढे मांडणार? आपल्याच साताऱ्यात रेव्हरंड नारायण वामन टिळक 1917 साली मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू करायला उभे राहिले. नाव होते, मान होता, वयही झाले होते. त्यांच्या जागी आपण असतो तर हक्काची खुर्ची मागितली असती.

सदरबझारचे काका: सर, वचन मलाही पाठ आहे. पण माणसाला आभाराचा एक शब्द लागतो, हे कोणी मान्य करणार आहे की नाही?

गोडोलीच्या मावशी: काका, मी मान्य करते. आभार मानण्यात मंडळी कमी पडली असेल, तर ती मंडळीची उणीव आहे आणि ती मंडळीने भरून काढावी; परंतु त्याची वसुली पहिल्यांदाच दारात आलेल्या कुटुंबाकडून होऊ नये. त्यांनी आपले काय घेतले होते?

करंजे पेठेतील दादा: यादीच्या सूचनेवर अद्याप कोणीही उत्तर दिलेले नाही.

पाळकसाहेब: सूचना कमिटीपुढे घेऊ. तोपर्यंत कोणताही बाक राखीव नाही. कोरेगावला मी जाणार आहे. काका, आपणही सोबत यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सदरबझारचे काका: येतो. चावीही कमिटीपुढे ठेवतो. भांडी पुसण्याची पद्धत मात्र मुलांना मीच दाखवीन.