एकाच वाणाचे मेटाबोलाइट आकडे जुळत नाहीत

प्रश्न: दुष्काळ सोसणारे भाताचे वाण निवडायला पानांतली मेटाबोलाइट (पेशींत बनणारी लहान रसायनं), म्हणजे प्रोलीन हे अमिनो आम्ल आणि रॅफिनोज ही साखर, एलसी-एमएसवर (रसायनं वेगळी करून वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) मोजतोय. एकाच वाणाच्या रोपांत दुपटीचा फरक येतो. कशामुळे?

उत्तर १: पानं किती वाजता तोडता? साखरा दिवसभर वरखाली होतात. सगळी तासाभरात, प्रत्येक रोपाचं त्याच क्रमांकाचं पान, तोडल्या तोडल्या द्रव नायट्रोजनमध्ये. मग उणे ८० अंशांवर. कुटताना गोठलेली पूड वितळली की पानातली एन्झाइम कामाला लागून ही रसायनं बदलतात, पुढचं सगळं फुकट.

उत्तर २: ५० मिलिग्रॅम पुडीला १ मिली थंडगार ८० टक्के मिथेनॉल. सगळ्या अर्कांचं थोडं थोडं एकत्र करून दर दहा नमुन्यांमागे चालवा. या मिश्रणाचेच आकडे सरकले तर दोष यंत्राचा.

उत्तर ३: एकट्या प्रोलीनवर भिस्त नको, बेजार झालेल्या रोपातही ते चढतं. आधी प्रत्येक मेटाबोलाइटची आनुवंशिकता (फरकातला किती वाटा जनुकांमुळे) काढा. कमी असेल तर ते मेटाबोलाइट निवडीतून वगळा.