पहिला अल्बम आणि ‘गुरूंची नक्कल’ हा शेरा

प्रश्न : मंद्रपंचम

नमस्कार. माझी भाची २४ वर्षांची आहे आणि गेली १४ वर्षे जयपूर-अत्रौली या ख्यालगायकीच्या परंपरेतल्या (घराण्यातल्या) एका गुरूंकडे शिकत आहे. दोन महिन्यांपूर्वी तिचा पहिला अल्बम इंटरनेटवर प्रसिद्ध झाला. त्यात मुलतानी रागातला विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) ख्याल मिळून ३२ मिनिटांचा आहे, त्यानंतर नायकी कानडा हा राग आणि शेवटी भैरवीतले एक भजन आहे. आता परिस्थिती अशी, की भजन सगळे ऐकतात आणि मुलतानी पहिल्या चार-पाच मिनिटांत सोडून देतात. ज्यांनी तो पूर्ण ऐकला, त्यांतल्या दोन जाणकारांनी ‘ही गुरूंची नक्कल आहे’ एवढाच शेरा मारला. अल्बमचे वितरण करणाऱ्यांचा सल्ला असा, की मुलतानी सहा मिनिटांत बसवून पुन्हा प्रसिद्ध करावा. ती या सगळ्याने इतकी खचली आहे, की यापुढे ध्वनिमुद्रणच करायचे नाही असे म्हणते. तिला काय सांगावे, आणि तो सहा मिनिटांचा सल्ला मानावा का, याविषयी आपणा सर्वांचे मत हवे आहे.

उत्तर १ : जुनी तबकडी

आपला प्रश्न वाचला आणि आधी अल्बम दोनदा ऐकला. नकलेच्या शेऱ्याविषयी प्रथम लिहितो, कारण तोच तिला अधिक लागला असावा. कुमार गंधर्व लहानपणी थोर गायकांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवत, आणि १९३५ साली मुंबईत, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांनी श्रोत्यांना थक्क केले ते त्याच गाण्याने. पुढे प्रा. बा. र. देवधरांकडची तालीम, त्यानंतरचे क्षयाचे आजारपण आणि देवासमधली वर्षे, एवढ्या वाटेवरून गेल्यावर ज्यांच्या गाण्याला ‘हे कोणत्या घराण्याचे?’ असे विचारले गेले, ते हेच कुमारजी. चोवीसाव्या वर्षी गाण्याला गुरूंचा वास येतो, तो येणारच; तो येत नसता तर चौदा वर्षांच्या तालमीविषयी मला शंका आली असती.

दुसरी गोष्ट, पहिल्या तबकडीने गायकाचे भवितव्य ठरते हा समज खरा नाही. भीमसेन जोशींची पहिली तबकडी एच.एम.व्ही.ने १९४२ साली काढली, तेव्हा ते वीस वर्षांचे होते, आणि त्या तबकडीत ख्याल नव्हता, भक्तिगीते होती. त्यांचे नाव झाले ते १९४६ च्या जानेवारीत, गुरू सवाई गंधर्वांच्या साठीनिमित्त पुण्यात झालेल्या मैफलीने. मधली चार वर्षे ते गात होतेच. आपल्या भाचीचे भजन लोक आधी ऐकतात याचे वाईट वाटून घेऊ नये. आपल्याकडे कित्येक घरांत शास्त्रीय गायकाचा आवाज आधी अभंगातून पोहोचतो आणि ख्याल त्याच्या मागून येतो.

उत्तर २ : खोली क्रमांक दोन

मी ध्वनिमुद्रणाचे काम करतो, म्हणून सहा मिनिटांच्या सल्ल्याबद्दल लिहितो. वेळेची मर्यादा आपल्या संगीताला नवी नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यात झिंझोटीतली ठुमरी अशी गायली, की ती ऐकून लहानग्या भीमसेनने गाण्याचा ध्यास घेतला. पण ते गाणे तीन मिनिटांसाठीच बांधलेले होते. कोणती जागा (स्वरांचे वळण) घ्यायची आणि कोणती सोडायची, हे गाणाऱ्याने आधी मनात ठरवलेले असे. बत्तीस मिनिटांच्या ख्यालाला कात्री लावून सहा मिनिटे काढणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. मुलतानीत आरोहात, म्हणजे स्वर चढत जाताना, ऋषभ-धैवत (रे आणि ध) वगळायचे असतात आणि तोडी रागापासून तो वेगळा ठेवायचा तर पंचमावरचा ठहराव आणि तीव्र मध्यमावरून कोमल गांधारावर पुन्हापुन्हा येणारी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत येणे) यांना वेळ द्यावा लागतो. ती सगळी जागा कापून मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) आणि ताना (जलद स्वरावली) तेवढ्या ठेवल्या, तर ऐकणाऱ्याला राग भेटणारच नाही. सहा मिनिटांचे हवे असेल, तर तिने एखादी मध्यलयीतली बंदिश त्या मापाने नव्याने गावी.

स्टुडिओविषयी आणखी एक. तबला काचेपलीकडच्या खोलीत असतो आणि कानावरच्या हेडफोनमधून स्वतःचाच आवाज मोठा ऐकू येतो, त्यामुळे नवा गायक नकळत आवाज आवरून गातो. माझ्या अनुभवात, एका कानावरचा हेडफोन थोडा सरकवून गायला सांगितले की आवाज लगेच मोकळा होतो. या अल्बममध्ये मंद्र (खालच्या) सप्तकातला आवाज दबलेला वाटतो तो मला याच कारणाने वाटतो. तिच्या गळ्याचा तो दोष नसावा.

उत्तर ३ : समेची वाट

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, तरी त्या दोन जाणकारांचे म्हणणे पूर्णपणे बाजूला सारावे असे मला वाटत नाही. गुरूंचा ढंग असणे वेगळे आणि गुरूंच्या ताना जशाच्या तशा येणे वेगळे. मुलतानीत अठराव्या मिनिटानंतर आलेल्या तीन ताना मी तिच्या गुरूंच्या मैफलीत जवळजवळ त्याच क्रमाने ऐकल्या आहेत, आणि समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येताना तोच एक तुकडा तालाच्या चार आवर्तनांत पुन्हा आला आहे. याउलट नवव्या मिनिटाच्या सुमारास ती मंद्र निषादावर थांबते, गांधाराकडे जाते आणि मध्यमाला नुसता स्पर्श करून परत येते. तेवढी जागा मला तिची स्वतःची वाटली. तिथे ती काही पाठ म्हणत नाही, शोधते आहे. मला असे वाटते, की शेरा मारणाऱ्यांनी ती जागा दाखवायला हवी होती. एका ओळीत नक्कल म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्यातून शिकणाऱ्याला काही हाती लागत नाही.

सतराव्या मिनिटाला तानपुऱ्याचा नाद एकदम बदलतो, तेथे दोन तुकडे जोडलेले आहेत का?

किशोरीताई आमोणकरांच्या गाण्यावरही परंपरेपासून दूर गेल्याचा आक्षेप घेतला गेला होता, हे जयपूर परंपरेत शिकणाऱ्या मुलीने लक्षात ठेवावे. आई आणि गुरू मोगूबाईंची कडक तालीम अंगात भिनलेली होती, म्हणून त्यांना ते दूर जाणे साधले. आपल्या भाचीवर आज नेमका उलटा आक्षेप आहे. तो आज असणे मला चिंतेचे वाटत नाही. आणखी दहा वर्षांनीही तोच राहिला तर मात्र विचार करावा लागेल.

मंद्रपंचम :

आपण सर्वांनी वेळ काढून अल्बम ऐकलात, मनापासून आभार. काल संध्याकाळी ही उत्तरे तिला वाचून दाखवली. सतराव्या मिनिटाचे ऐकून ती प्रथमच हसली. तिथे खरोखरच तार उतरली होती आणि गाणे थांबवून पुन्हा सुरू केले होते. तो सांधा कोणाच्या लक्षात येणार नाही असे तिला स्टुडिओत सांगण्यात आले होते. सहा मिनिटांची कापाकापी करायची नाही, हे आम्ही ठरवले आहे. नवव्या मिनिटाची जागा तिने रात्री तानपुरा लावून पुन्हा गाऊन पाहिली, पण ती तशी येईना. आज दुपारी चारला, मुलतानीच्या वेळेला, ती पुन्हा बसणार आहे.