‘शब्दप्रामाण्य’ म्हणजे नेमकं काय? धर्मातलं सत्य फक्त ग्रंथातच असतं का?

शब्दवेडी:
‘शब्दप्रामाण्य’ हा शब्द हल्ली लेखांत आणि भाषणांत कायम टीकेच्या सुरात येतो. ‘शब्दप्रामाण्य झुगारा’, ‘शब्दप्रामाण्यवादी मंडळी’ वगैरे. पोथीत लिहिलंय म्हणून डोळे मिटून मानणं, असा तिथे सरळ अर्थ असतो. पण भारतीय दर्शनांवरच्या मराठी पुस्तकांत ‘शब्दप्रमाण’ हे ज्ञानाचं एक साधन म्हणून भेटतं आणि तिथे निंदेचा मागमूसही नसतो. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा? धर्मातलं सत्य फक्त ग्रंथातूनच कळतं, यातला ‘फक्त’ मूळ शब्दात आहे की मागाहून चिकटला?

पाठशाळा:
‘प्रमा’ म्हणजे यथार्थ ज्ञान आणि ते ज्याच्यामुळे होतं ते ‘प्रमाण’. डोळ्यांनी दिसलं ते प्रत्यक्ष, धुरावरून विस्तव ताडला ते अनुमान, आणि जाणत्या, विश्वासू माणसाने सांगितल्यावरून कळलं ते शब्द. न्यायसूत्रांची, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथाची, व्याख्या एवढीच आहे: ‘आप्तोपदेशः शब्दः’. आप्त म्हणजे इथे नातेवाईक नव्हेत. ज्याला गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जो ती जशीच्या तशी सांगतो, तो आप्त. वात्स्यायनाने या सूत्रांवरच्या भाष्यात पुढे जे म्हटलंय ते मला फार मोलाचं वाटतं. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखंच लागू आहे, असं तो म्हणतो. म्हणजे नैयायिकांच्या, न्यायदर्शन मानणाऱ्यांच्या, लेखी शब्दाचं प्रामाण्य जातीवरून ठरत नाही आणि पोथीच्या वयावरूनही ठरत नाही. सांगणारा जाणतो का आणि खरं बोलतो का, एवढंच बघायचं.

तुमचा ‘फक्त’ येतो मीमांसकांकडून, म्हणजे वेदातल्या विधींचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाकडून. ‘चोदनालक्षणोऽर्थो धर्मः’ हे जैमिनीचं सूत्र. काय करावं हे डोळ्यांना दिसत नाही, अनुमानानेही हाती लागत नाही. म्हणून धर्म कळायचा तो वेदाच्या आज्ञेतूनच, असा त्यांचा पक्ष. त्यासाठी त्यांनी वेद अपौरुषेय मानला: कर्ताच नाही, तर त्याची चूक तरी कुठून येणार? पण हा ‘फक्त’सुद्धा एका हद्दीतला आहे, हे विसरू नये. आकाशात काय दिसतं, औषध कोणतं लागू पडतं, हे प्रश्न त्यांनी वेदावर सोपवले नव्हते. आद्य शंकराचार्य तर गीताभाष्यात अठराव्या अध्यायाच्या शेवटी स्वच्छ सांगतात की ‘अग्नी थंड आहे’ किंवा ‘अग्नीला प्रकाश नाही’ असं शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवचनांनी, म्हटलं तरी त्यांना प्रामाण्य येत नाही. श्रुतीला मानणाऱ्या आचार्याचंच हे वाक्य आहे. ज्याचं त्याचं क्षेत्र ज्याला त्याला, हा नियम त्यात आहे.

चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानतात. बौद्ध प्रत्यक्ष आणि अनुमान मानतात, शब्दाला वेगळं आसन देत नाहीत.

आता रोजची मराठी बघा. ‘याला प्रमाण काय?’ असं विचारतो तेव्हा आपण पुरावा मागतो. ‘तुम्ही म्हणाल ते प्रमाण’ असं वडीलधाऱ्यांना म्हणतो तेव्हा मात्र प्रमाण म्हणजे शेवटचा शब्द, त्यावर बोलणं नाही. एकाच शब्दात हे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. टीकाकार दुसरा धरतात, दर्शनांची पुस्तकं पहिला.

टाळकरी:
यात वारकरी कीर्तनातला वापर यायलाच हवा, कारण ‘प्रमाण’ हा शब्द आमच्या तोंडी रोजचा आहे. निरूपण चालू असताना बुवा एक मुद्दा मांडतात आणि त्याच्या पाठोपाठ ओवी किंवा अभंगाचं चरण देतात, ते प्रमाण. प्रमाण आलं की मागचे टाळकरी ते उचलतात, मृदंग साथीला येतो आणि चरण चालीत घोळवलं जातं. नव्या कीर्तनकाराला पहिला प्रश्न असतो, ‘प्रमाणं किती पाठ आहेत?’ गीतेचा श्लोक येतो, नाही असं नाही, पण लगेच त्यावरची माउलींची ओवी येते आणि सभेला जे पटतं ते ओवीने. थोडक्यात, प्रमाणाच्या जागेवर संतांनी मराठी आणून बसवली. तुकोबांचा गाथा ज्या कारणासाठी इंद्रायणीत बुडवायला लावला, ते कारण हेच होतं: वेदार्थ प्राकृतात आणि तोही शूद्राच्या मुखातून. त्यावर ‘वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा । येरांनी वाहावा भार माथां’ असं म्हणायला केवढी छाती लागते! पुढचं चरण लोक सहसा म्हणत नाहीत: ‘खादल्याची गोडी देखिल्यासी नाहीं । भार धन वाही मजुरीचें’. ग्रंथ खोटा असं तुकोबा म्हणत नाहीत. ज्याने चाखलं त्यालाच त्याचा अर्थ, असं म्हणतात. आणि दुसरीकडे ‘सत्य असत्यासी मन केलें ग्वाही’. साक्षीदार कोण, तर मन.

ज्ञानोबारायांकडे हे आणखी नाजूक आहे. ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायात ‘तस्माच्छास्त्रं प्रमाणं ते’ या श्लोकापाशी ते श्रुतीला आई म्हणतात: ‘अहितापासौनि काढिती । हित देऊनि वाढविती । नाहीं श्रुतिपरौती । माउली जगा’. अठराव्यात तेच वेदाला कृपण म्हणतात: ‘वेदु संपन्नु होय ठाईं । परी कृपणु ऐसा आनु नाहीं । जे कानीं लागला तिहीं । वर्णांच्याचि’. संपत्ती खरी, पण देणारा हात आखडलेला. स्त्रीशूद्रांना दारच नाही, म्हणून वेदच गीतेच्या रूपाने सगळ्यांसाठी आला, अशी मांडणी ते करतात. काहींना यात विसंगती दिसते. मला यात आईवर हक्काने रागावणारं लेकरू दिसतं.

आणि अमृतानुभवात ते शेवटचं पाऊल टाकतात. ज्ञानही बंधनच, हे शिवसूत्रात, म्हणजे शैवांच्या सूत्रग्रंथात, आहे, गीतेतही आहे, एवढं सांगून झाल्यावर म्हणतात: ‘परी शिवें कां श्रीवल्लभें । बोलिलें येणेंचि लोभें । मानूं तेंही लाभे । न बोलतांही’. शंकर किंवा विष्णू बोलले म्हणून आम्ही हे मानत नाही, ते बोलले नसते तरी हे असंच आहे. शब्द आहे आणि त्याला मानही आहे, पण खरेपण शब्दामुळे येत नाही. शब्दप्रामाण्याची चर्चा मराठीत करताना ही ओवी टाळून पुढे जाता येणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

महाडचा:
पाठशाळा, टाळकरी, तुमचं दोघांचंही मनापासून वाचलं. पण एक बाजू सुटतेय. शास्त्रकारांनी प्रमाणाला ‘ज्ञानाचं साधन’ म्हटलं असेल, समाजात तो शब्द हुकूम म्हणून चालला. मनुस्मृती दुसऱ्या अध्यायात धर्माची चार लक्षणं देते: वेद, स्मृती, सदाचार आणि स्वतःच्या मनाला पटणारं. ऐकायला किती मोकळं! पण त्याच्या जरा आधीचाच श्लोक सांगतो की तर्काच्या आधारे श्रुतिस्मृतींचा अवमान करील त्या द्विजाला साधूंनी बहिष्कृत करावं, कारण तो ‘नास्तिको वेदनिन्दकः’. ‘नास्तिक’ या शब्दाची तिथली व्याख्याच बघा. देव न मानणारा हा अर्थ तिथे नाही, वेदाची निंदा करणारा हा आहे.

याचा भार कुणी सोसला? बहिणाबाई शिऊरकर सतराव्या शतकात लिहितात: ‘वेद हाका देती पुराणें गर्जती । स्त्रियेच्या संगतीं हित नोहे ॥ मी तों सहज स्त्रियेचाचि देह । परमार्थाची सोय आतां कैची’. ज्या ग्रंथात सत्य आहे म्हणून सांगतात, त्याच ग्रंथाने मला बाहेर ठेवलंय, आता मी कुठे जाऊ? 25 डिसेंबर 1927 ला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली, तेव्हा प्रश्न ज्ञानमीमांसेचा नव्हता. माणसाने कुठलं पाणी प्यायचं, हे एका ग्रंथाच्या अधिकारावर ठरत होतं. म्हणून ‘शब्दप्रामाण्य’ला आलेला कडू वास अपघाताने आलेला नाही आणि तो पुसूनही टाकू नये.

वसईकर:
हाच वाद आमच्याकडे, ख्रिस्ती धर्मातही आहे आणि तिथे त्यावरून चर्च दुभंगलं. 1521 मध्ये जर्मनीतल्या वर्म्सच्या सभेत धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला मतं मागे घ्यायला सांगितलं, तेव्हा शास्त्रवचनाने किंवा स्पष्ट युक्तिवादाने पटवून द्या, पोप आणि परिषदा चुकू शकतात, असं त्याने उत्तर दिलं. ‘केवळ शास्त्र’ हा प्रोटेस्टंटांचा पाया झाला. त्याला कॅथोलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने 1546 मध्ये उत्तर दिलं: लिखित ग्रंथ आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा, दोन्हींना सारखाच आदर. आम्ही कॅथोलिक आजही तेच मानतो. नव्या करारात कोणती पुस्तकं घ्यायची, हे त्या पुस्तकांतच लिहिलेलं नाही, ते चर्चने ठरवलं, हा आमचा जुना मुद्दा. मात्र एक फरक नोंदवतो. ल्यूथरकडे ‘केवळ ग्रंथ’ हे पुरोहितसत्तेविरुद्धचं हत्यार होतं. इथे, महाडचा म्हणतात तसं, ग्रंथ हेच पुरोहितसत्तेचं हत्यार झालं.

शब्दवेडी:
सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. लिहिताना मग कोणता शब्द कुठे वापरावा?

पाठशाळा:
ज्ञानाचं साधन म्हणायचं असेल तर ‘शब्दप्रमाण’. ते साधन खरं ज्ञान देतं हा दावा म्हणजे ‘शब्दप्रामाण्य’. यात अजून निंदा नाही. एखादा ग्रंथ चुकूच शकत नाही अशी भूमिका असेल तर ‘ग्रंथप्रामाण्य’, आणि तो ग्रंथ वेद असेल तर ‘वेदप्रामाण्य’. टिळकांनी ‘प्रामाण्यबुद्धिर्वेदेषु’ असं हिंदू धर्माचं लक्षण केलं ते या अर्थाने. डोळे मिटून मानण्यावर टीका करायची असेल तर ‘ग्रंथप्रामाण्य’ किंवा सरळ ‘पोथीनिष्ठा’ लिहा. महाडचा यांचं म्हणणं मला मान्य आहे, कडवटपणाला कारण आहे. पण तो रोख ‘शब्दप्रमाण’ या शब्दावर नको. डॉक्टरच्या सांगण्यावरून आपण औषध घेतो, आईने सांगितलेली जन्मतारीख खरी धरतो, ते सगळं शब्दप्रमाणच आहे.

टाळकरी:
आणि कीर्तनातलं ‘प्रमाण’ही कोशात वेगळा अर्थ म्हणून नोंदवलं जावं. ‘निरूपणातील मुद्द्याच्या पुष्टीसाठी दिलेले संतवचन’. अनेकवचन ‘प्रमाणं’.