हृदयातला अमायलॉइड, अँटिबॉडी आणि 'सलाइनचं पाणी'

आडवाट (धागाकर्ता)
काल एक पोस्ट वाचली आणि डोकं सणकलं. "हृदयात साचलेला अमायलॉइड धुऊन काढणारी अँटिबॉडी तयार आहे, तरी चाचणीच्या नावाखाली निम्म्या रुग्णांना सलाइनचं पाणी चढवतात." खाली अंगठ्यांचा पाऊस. (अमायलॉइड म्हणजे चुकीची घडी पडून अवयवांत साचणारं प्रथिन, अँटिबॉडी म्हणजे नेमक्या लक्ष्याला चिकटणारं प्रथिन.)
या गृहस्थांना बिर्टामिमॅब या अशाच एका अँटिबॉडीची कथा ठाऊक नसावी. तिची 'व्हायटल' चाचणी २०१८ मध्ये मधेच थांबवली, कारण फायदा दिसेना. नंतर आकडे चाळताना मेयो स्टेज ४ च्या, म्हणजे सर्वांत बिकट अवस्थेतल्या, ७७ जणांत घबाड सापडलं: नऊ महिन्यांनी औषधवाले ७४ टक्के हयात, प्लासिबोवाले (बाटलीत औषध नसलेले) ४९. म्हणून फक्त स्टेज ४ घेऊन 'अफर्म-एएल' केली. २०२५ मध्ये निकाल आला. मृत्यूंत फरक नाही! प्लासिबो गट नसता तर हे औषध आज बिनदिक्कत चढवत बसलो असतो.

निमित्तमात्र
घबाड काय, कथा काय. मजेत लिहिताय. माझे वडील अशाच एका चाचणीत होते. महिन्यातून एकदा हाताला सुई लावून तासन्‌तास खुर्चीत. सहाव्या महिन्यात गेले. बाटलीत काय होतं ते आजतागायत कुणी सांगितलं नाही. स्टेज ४ वाल्याला 'पुरावा येईपर्यंत थांबा' म्हणायला काळीज लागतं.

पारिजात
निमित्तमात्र, वाईट वाटलं. पण 'नुसतं पाणी' हे खोटंच. त्या दोन्ही चाचण्यांत प्लासिबो गटालाही बोर्टेझोमिबवाली केमो, म्हणजे नेहमीचे उपचार, चालू होती. अँटिबॉडी वरून जादा.
आणि धागाकर्ते, तुम्हीही गल्ली चुकलात. ती पोस्ट एटीटीआरबद्दल असणार, तुम्ही एएलची हजेरी घेताय. (एटीटीआरमध्ये ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन साचतं, एएलमध्ये अस्थिमज्जेतल्या पेशींनी बनवलेले अँटिबॉडीचे तुकडे, 'लाइट चेन'.) एटीटीआरमध्ये एनआय००६ या अँटिबॉडीची ४० रुग्णांवरची पहिली चाचणी २०२३ मध्ये छापून आली. मोठ्या डोसवर वर्षभरात हाडांच्या स्कॅनमध्ये अमायलॉइडमुळे दिसणारी हृदयाची चमक उतरली, एमआरआयही सुधारला. त्याच वर्षी लंडनच्या डॉक्टरांनी तीन रुग्ण नोंदवले, ज्यांच्या शरीरानं स्वतःच अँटिबॉडी बनवून हृदय बरंचसं मोकळं केलं. कल्पना टाकाऊ नाही.

आडवाट
बरं, एएल-एटीटीआरची चूक पदरात घेतो. पण चमक उतरली म्हणजे माणूस जास्त जगला का? ४० जणांवर ते कळत नाही. एटीटीआरवरच्या टॅफामिडिस या औषधानं अमायलॉइड धुतला नाही, फक्त नवीन साचणं मंदावलं. तरी ४४१ जणांच्या चाचणीत ३० महिन्यांत मृत्यू प्लासिबोवाल्यांत ४२.९ टक्के, औषधवाल्यांत २९.५. याला म्हणतात उत्तर.

काकदृष्टी
अवांतर आहे, पण बोलणारच. अँटिबॉडी-अँटिबॉडी काय करताय, निदानच होत नाही! मामांची दोन्ही मनगटं कार्पल टनेलसाठी (मनगटात नस दबते तो आजार) कापली. मग कण्याचा मार्ग अरुंद झाला म्हणून पाठ. सात वर्षांनी धाप लागली तर म्हणे 'बीपीनं हृदय जाड झालंय'. बीपी तर उलट पडत चाललेलं! शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी हाडांचा स्कॅन सांगितला, तेव्हा कळलं, हा एटीटीआर, जो मनगटात आणि कण्यातही साचतो. मनगट कापलंच होतं, तर चिमूटभर ऊती तपासायला पाठवायला काय जात होतं?

टाचणी
मी मनगटंच कापतो. येणाऱ्या प्रत्येकाची बायोप्सी करू? कार्पल टनेल असलेल्यांत अमायलॉइड निघणारे थोडेच.

काकदृष्टी
प्रत्येकाची कोण म्हणतंय? साठी उलटलेला पुरुष, दोन्ही हात, मधुमेह नाही. एवढं जुळलं तर पाठवा की. वाचायचं नाही आणि टोचायचं, आयडी शोभतो.

टाचणी
आयडीवर घसरलात म्हणजे मुद्दा संपला. अशांचे नमुने मी गेली दोन वर्षं पाठवतोय. पहिल्या वीस वर्षांत पाठवले नाहीत, हेही लिहून टाकतो, म्हणजे तुमचा दिवस गोड जाईल.

पारिजात
यात अँटिबॉडीचाही मुद्दा आहे. हृदय पार ताठरल्यावर दिलेलं औषध हरणारच. कुणाला माहीत, मनगटाच्या वेळीच दिली असती तर?

आडवाट
'दिली असती तर' यावर औषधं मंजूर होत नाहीत. आणि डॅराट्युमुमॅबही अँटिबॉडीच आहे. साचलेल्याला हात लावत नाही, लाइट चेन बनवणाऱ्या पेशी मारते. २०२१ मध्ये अमेरिकेत एएलसाठी मंजूर झाली, तीही चाचणीतूनच.
निमित्तमात्र, चाचणी संपल्यावर वडील कुठल्या गटात होते ते विचारता येतं. विचारलंत?

निमित्तमात्र
'कुणी सांगितलं नाही' हे मी अर्धवट लिहिलं. चाचणीच्या नर्सताईंचा फोन आला होता, कळवू का म्हणून. आई नको म्हणाली. प्लासिबो निघालं तर चीड, औषध निघालं तर ते चाललं नाही हे कळणार. तुमचं गणित बरोबर असेल हो. फक्त 'घबाड' शब्द काढा.

आडवाट
संपादनाची मुदत संपली आहे. चुकला शब्द, माफ करा.

काकदृष्टी
टाचणी, वीस वर्षांत साधारण किती मनगटं?