मदत हवी आहे: प्राण्यांच्या चित्रपुस्तकातून वर्षावन कसे शिकवावे?

सावली_वर्ग
नमस्कार. पुढच्या सोमवारपासून आमच्याकडे वर्षावनाचा आठवडा सुरू होत आहे आणि मी पुरती अडकले आहे. हाताशी प्राण्यांचे एक मोठे चित्रपुस्तक आहे आणि त्यातली चित्रे सुरेख आहेत. मी ते दोनदा वाचून दाखवले. मुलांना सगळी नावे पाठ झाली, पण "हे प्राणी कुठे राहतात?" असे विचारल्यावर निम्म्या वर्गाने "महाराजबागेत", म्हणजे आमच्या नागपूरच्या प्राणिसंग्रहालयात, असे उत्तर दिले. एका मुलाने स्लॉथ या झाडावर राहणाऱ्या संथ प्राण्याच्या चित्रावर बोट ठेवून "हा आजारी आहे का?" असे विचारले. मला त्याला नीट उत्तर देता आले नाही आणि ते मनाला लागून राहिले आहे. प्राण्यांकडून जंगलाकडे मुलांना कसे न्यावे, हे कृपया लवकर सांगावे.

पळसपान
सावलीताई, मुले किती वर्षांची आहेत आणि वर्गात किती आहेत? पुस्तक मराठी आहे की इंग्रजी? त्यात नेमके कोणते प्राणी आहेत? तीन वर्षांच्या मुलाला जे सांगायचे आणि सहा वर्षांच्या मुलाला जे सांगायचे, त्यांत फार अंतर असते.

रानवाटा
माझे मत स्पष्ट आहे. नागपूरच्या मुलांना ॲमेझॉन शिकवण्याआधी जवळचे पेंचचे जंगल दाखवावे. मी अनेक वर्षे मुलांना गोरेवाड्याला आणि पेंचला घेऊन जातो. जे मूल सागाचे वाळलेले पान पायाखाली मोडते, त्याला जंगल म्हणजे काय ते समजते. पुस्तक बाजूला ठेवा आणि एक बस ठरवा.

निळावंती
रानवाटा, आपल्या कामाबद्दल आदर आहे, पण पेंच हे वर्षावन नव्हे आणि मुलांना तसे भासवणेही योग्य नाही. पेंच आणि ताडोबा ही पानझडी जंगले आहेत. उन्हाळ्यात तिथला साग जवळजवळ निष्पर्ण होतो. वर्षावनात झाडे वर्षभर हिरवी असतात आणि पाऊस साधारणपणे वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पडतो. नागपुरात तो सुमारे ११०० ते १२०० मिलिमीटर असतो. महाराष्ट्रातलेच उदाहरण हवे असेल तर ते सह्याद्रीत शोधावे. आंबोलीला वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि तिथे सदाहरित व निमसदाहरित जंगल आहे.

रानवाटा
पेंच हे वर्षावन आहे असे मी कुठेही म्हटलेले नाही. ज्या मुलाने एकही जंगल पाहिलेले नाही, त्याला दोन जंगलांतला फरक सांगून काय उपयोग, एवढाच माझा प्रश्न आहे.

निळावंती
फरक सांगितला तरच जंगल कळते, असा माझा अनुभव आहे. "आपल्या जंगलाची पाने गळतात, त्या जंगलाची गळून संपत नाहीत" हे वाक्य लहान मुलालाही समजते.

धरमपेठची_आजी
पावसाळ्यात मोठ्या पुस्तकांना दमट वास लागतो आणि कसर होते, म्हणून पुस्तक कपाटात ठेवताना सोबत कडुनिंबाची वाळलेली पाने ठेवावीत. पाने ओली असता कामा नयेत, नाहीतर उलट बुरशी धरते. माझ्या नातवाची पुस्तके मी अशीच सांभाळली आहेत.

सावली_वर्ग
आजी, धन्यवाद, पण सध्या अडचण पुस्तकाच्या कपाटाची नाही. पळसपान, क्षमस्व, हे आधीच लिहायला हवे होते. मुले चार ते पाच वर्षांची आहेत, एकूण बावीस आहेत आणि बहुतेकांच्या घरी मराठीच बोलतात. पुस्तक इंग्रजी आहे, त्यामुळे मी वाचताना मराठीत सांगते. प्रत एकच आहे. त्यात स्लॉथ, टूकन, जॅग्वार, विषारी बेडूक, पाने कापणाऱ्या मुंग्या, ओरांगउटान आणि गोरिला आहेत. शेवटच्या दुहेरी पानावर हे सगळे प्राणी आणि एक वाघ एकाच झाडाखाली उभे दाखवले आहेत. सहल शक्य नाही, शाळेने परवानगी नाकारली आहे.

पळसपान
मग अडचण मुलांची नसून त्या पुस्तकाची आहे, असे मला वाटते. ते प्राण्यांची ओळखपरेड घडवते आणि झाड फक्त मागच्या पडद्यासारखे येते. म्हणून मुलांनी महाराजबाग म्हटले ते बरोबरच आहे, कारण एकापुढे एक उभे असलेले प्राणी त्यांनी तिथेच पाहिलेले आहेत.

माझी विनंती अशी की आठवडाभर एकच प्राणी घ्या, आणि तो स्लॉथ घ्या, कारण त्याच्याविषयीचा प्रश्न तुमच्या वर्गातल्याच मुलाने विचारला आहे. स्लॉथ आजारी नाही. तो मुख्यतः पाने खातो, पानांतून शक्ती थोडीच मिळते आणि ती पचायलाही फार दिवस लागतात, म्हणून तो सावकाश हलतो. त्याच्या केसांत हिरवे शेवाळ वाढते आणि तो पानांत मिसळून जातो. शी करण्यासाठी मात्र तो साधारण आठवड्यातून एकदा झाडावरून खाली जमिनीवर येतो. हे सांगताना बावीसच्या बावीस मुले कान टवकारतील. वर झाडांच्या शेंड्यांवरून हार्पी गरुड त्याला शोधत असतो, आणि तो गरुड बहुधा जंगलातल्या सर्वांत उंच झाडांवर घरटे बांधतो. असे पान, फांदी, जमीन आणि शेंडा हे सगळे एका प्राण्याच्या मागे जाताना मुलांच्या नजरेत येते. जंगलाचे मजले, म्हणजे जमिनीपासून शेंड्यापर्यंतचे थर, वेगळे शिकवावे लागत नाहीत.

खडूफळा
मी वीस वर्षे बालवर्गाला शिकवले आहे. एकच प्राणी आठवडाभर घेतला तर या वयाची मुले तिसऱ्या दिवशी कंटाळतात. रोज एक प्राणी घ्यावा आणि भिंतीवर जंगलाच्या मजल्यांसाठी चार पट्ट्यांचा कागद लावून तो प्राणी योग्य पट्टीत मुलांकडून चिकटवून घ्यावा. सर्वांत खालची पट्टी गडद रंगवावी, कारण दाट वर्षावनात अगदी थोडा सूर्यप्रकाश जमिनीपर्यंत पोहोचतो.

पळसपान
गडद पट्टीची कल्पना उत्तम आहे आणि ती स्लॉथबरोबरही वापरता येईल. कंटाळ्याबद्दल मात्र मी सहमत नाही. मुले एकच गोष्ट रोज रात्री मागतात, हे प्रत्येक घरात दिसते.

निळावंती
शेवटच्या पानाविषयी कोणी बोलत नाही, पण मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते पान वर्गात दाखवू नये. ॲमेझॉनमध्ये वाघ नाही. तिथला मोठा मार्जार जॅग्वार आहे आणि त्याच्या अंगावरच्या काळ्या फुलांच्या आत ठिपके असतात. ओरांगउटान बोर्निओ आणि सुमात्रा या बेटांवर राहतो, गोरिला आफ्रिकेत राहतो आणि टूकन अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात आढळतो. या वयात मनावर ठसलेले चित्र पुसायला फार वर्षे लागतात.

खडूफळा
लपवण्यापेक्षा दाखवून "यातले कोण चुकून इथे आले?" असे विचारावे. चूक शोधण्यात मुलांना फार आनंद मिळतो.

निळावंती
आधी बरोबर चित्र ठसले असेल तरच. म्हणजे शुक्रवारी, सोमवारी नव्हे.

मेळघाटकर
एक भर घालतो. आपल्या अस्वलाला इंग्रजीत ज्या नावाने ओळखतात त्यात स्लॉथ हा शब्द आहे, कारण १७९१ साली जॉर्ज शॉ या निसर्गशास्त्रज्ञाने त्याला चुकून स्लॉथचाच एक प्रकार मानले होते. त्यामुळे पालकांपैकी कोणी घरी "स्लॉथ म्हणजे अस्वलच" असे सांगितले तर मुलांचा गोंधळ उडेल. पालकांसाठी एका ओळीची चिठ्ठी पाठवावी.

टूकनविषयीही थोडे सांगतो. त्याची चोच पाहून अनेकांना धनेश आठवतो, पण टूकन हा सुतारपक्षी आणि तांबट यांच्या गणातला आहे. नागपुरात कुठल्याही मोठ्या झाडावर दुपारी 'टुक टुक' असा ठोका ऐकू येतो, तो तांबटाचा. मुलांना तो ऐकवा आणि "हा टूकनचा लांबचा नातेवाईक" असे सांगा. बस ठरवावी लागणार नाही.

रानवाटा
हे मला मान्य आहे. त्यात आणखी एक जोडतो. वर्षावनातला कपोक हा प्रचंड वृक्ष आणि आपल्याकडची काटेसावर एकाच कुळातल्या आहेत. दोन्हींच्या फळांतून कापूस निघतो आणि जुन्या झाडाच्या बुंध्याला भिंतीसारखे आधार फुटतात. शाळेजवळ जुनी सावर असेल तर मुलांना त्या दोन भिंतींच्या मधल्या कोपऱ्यात बसवावे आणि तिथे पुस्तक वाचावे.

सावली_वर्ग
सर्वांचे मनापासून आभार. सावर जवळ नाही, पण आवारात चिंचेचे मोठे झाड आहे. काल दुपारी पावसाची सर थांबल्यावर मुलांना व्हरांड्यात आणले. मोकळ्या मैदानात पाऊस पूर्ण थांबला होता आणि चिंचेखाली मात्र तो बराच वेळ पडत राहिला. मुलांनी एक पाय मैदानात आणि एक झाडाखाली ठेवून तो पाहिला. मग आम्ही पुस्तक उघडले आणि मी विचारले की स्लॉथच्या पाठीवर आत्ता काय पडत असेल. या वेळी महाराजबागेचे नाव कोणीही घेतले नाही. ज्याने आजाराचे विचारले होते, तो स्वतःहून म्हणाला, "त्याचे केस कधी वाळतच नसतील, म्हणून तो हिरवा झाला."

आता नवीन अडचण अशी आहे की एका मुलीने "पाऊस झाडातून येतो का?" असे विचारले आहे आणि मी सोमवारी सांगते म्हणाले आहे. नाही म्हणावे का?

पळसपान
नाही म्हणू नका, कारण ती बरीचशी बरोबर आहे. झाडे मुळांनी घेतलेले पाणी पानांतून वाफेच्या रूपात सोडतात आणि ॲमेझॉनच्या पावसाचा मोठा भाग त्याच वाफेतून पुन्हा तिथेच पडतो. चिंचेच्या एका पानेदार डहाळीवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी चढवून तिचे तोंड दोऱ्याने घट्ट बांधावे. काही तासांत आतून थेंब जमतात. पाने आधी फडक्याने कोरडी करून घ्यावीत, नाहीतर ते पावसाचेच पाणी आहे असे मुले म्हणतील. आणि ऊन पडलेला दिवस निवडावा, कारण ढगाळ दिवशी थेंब फार कमी जमतात.