डंप पाउचला मराठीत काय म्हणावं? (रिव्हॉल्व्हरची जादा काडतुसं बाळगण्याच्या तऱ्हा)

तिफण
एका इंग्रजी पोलीसकथेचा अनुवाद करतोय. दोन दिवस झाले, एकाच वाक्याशी गाडं अडलंय. गोष्ट १९७० च्या दशकातल्या अमेरिकेची. शिपायाचं रिव्हॉल्व्हर रिकामं झालंय, पाऊस कोसळतोय. तो कमरपट्ट्यावरच्या छोट्या कातडी पिशवीचं बटण काढतो, पिशवीचं तोंड खाली झुकतं आणि सहाच्या सहा काडतुसं त्याच्या तळहातावर येतात. त्यातली दोन निसटून चिखलात पडतात. ही पिशवी म्हणजे डंप पाउच.

मी लिहिलं होतं, ‘त्याने चंची उघडली.’ मावसभाऊ राखीव दलातून निवृत्त झालाय, त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘अरे, चंचीची दोरी सैल करून आत बोटं घालावी लागतात. ह्याच्यात बोटं आत जातच नाहीत, माल आपणहून बाहेर येतो.’ बरोबर आहे त्याचं. बटवाही त्याच कारणाने बाद.

त्याच गोष्टीत आणखी तीन तऱ्हा आहेत. पट्ट्यावर ओळीने शिवलेले कातडी फासे, एकेका फाशात एक काडतूस. मग रबरी पट्टी, जिच्यात काडतुसं बुडाच्या काठाला धरून एका रांगेत बसवलेली असतात. भरताना दोन-दोन चक्राच्या घरांत, म्हणजे काडतूस बसायच्या भोकांत, घालायची आणि पट्टी सोलून काढायची. आणि तरुण शिपायाजवळ स्पीडलोडर, म्हणजे गोल चकती, सहा काडतुसं चक्राच्या घरांसारखीच गोलात धरलेली, कळ फिरवली की सगळी एकदम आत. चारही वस्तू वाचकाला वेगवेगळ्या दिसायला हव्यात, कारण म्हातारा शिपाई आणि तरुण शिपाई यांच्यातला फरक लेखकाने ह्याच वस्तूंतून दाखवलाय. बाकी तिन्हींचं मी बघेन, निदान त्या पिशवीला शब्द सुचवा.

पुलगावकर
भाऊ, डंप पाउच लिहा आणि पुढे चला. दारूगोळ्याच्या डेपोच्या शेजारी वाढलोय. आमच्याकडे राउंडला राउंड, पाउचला पाउच. नोकरीतला माणूस जे बोलतो तेच त्या वस्तूचं नाव. तुमच्या मावसभावाला विचारा, पंचवीस-तीस वर्षांत ‘काडतूस’ हा शब्द तो तोंडाने किती वेळा बोलला? लिहिला असेल पंचनाम्यात, बोलला नसेल.

जुना कोश
पुलगावकर, पंचनाम्यात लिहिला म्हणजे वापरलाच की. आणि शब्द नाही असं कशाला धरून चालायचं? फौजेत काडतुसं ठेवायच्या कातडी पेटीला तोसदान म्हणत. फारसी तोशा म्हणजे वाटेची शिदोरी, ती ठेवायचं ते तोशादान. तोशाखान्यातला तोशाही तोच. शिपायाची शिदोरी म्हणजे काडतुसं, ह्याहून नेमका शब्द मला तरी माहीत नाही. तिफण, तुम्ही ‘तोसदान’ लिहा.

रानवाट
तोसदानातलं ‘तोस’ आणि काडतुसातलं ‘तूस’ एकच असणार. माझे आजोबा सांगायचे, काडतूस म्हणजे काडी आणि तूस. काडी पेटती, तूस म्हणजे धान्यावरचं टरफल. आत दारू, बाहेर टरफल. आम्ही लहानपणापासून हेच ऐकत आलो.

जुना कोश
ऐकायला गोड आहे, पण खरं नाही. काडतूस पोर्तुगीज ‘कार्तूशु’वरून आलं. पिस्तूलही त्याच बोटीतून उतरलं. इटालियनमध्ये ‘कार्ता’ म्हणजे कागद, त्यावरून ‘कार्तोच्चो’, कागदाची सुरळी. जुनं काडतूस खरोखर तेच होतं, दारू आणि गोळी गुंडाळलेली कागदी पुडी, दातांनी फाडायची. १८५७ चा चरबीचा वाद त्या फाडण्यावरूनच पेटला. म्हणजे काडतुसाच्या पोटात काडी नाही, तूस नाही, कागद आहे.

रानवाट
असेल. पण लोकांनी तो शब्द आपलासा केला तो काडी आणि तुसामुळेच ना? उगाच ‘कार्तूस’चं ‘काडतूस’ होत नाही. बरं, बँडोलियर तरी आपला आहे की नाही? छातीवरून जानव्यासारखा बांधायचा काडतुसांचा पट्टा. बांधणे, बांध, बँडोलियर.

जुना कोश
तो स्पॅनिशमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला, ‘बांदा’ म्हणजे कमरेचा किंवा खांद्यावरचा पट्टा. आपल्या बांधणीवरून इंग्रजीत गेला तो रुमालाचा ‘बंदाना’. मात्र फार मागे गेलं तर ‘बांदा’ आणि ‘बांध’ दोघी मावसबहिणीच. तेवढं तुमचं खरं.

पुलगावकर
तोसदान एकाही जिवंत माणसाला कळणार नाही. वाचक थांबेल, शब्दकोश शोधेल, तोवर शिपाई मरेल.

‘जिवंत’वरून आठवलं. पेपरात रोज येतं, ‘दोन जिवंत काडतुसे जप्त’. हे इंग्रजीचं सरळ भाषांतर. कोणी आक्षेप घेत नाही. मग माझ्या पाउचलाच आक्षेप का?

जुना कोश
कारण ‘जिवंत’ मराठीत आधीपासून होतं. जिवंत झरा म्हणतो, विहिरीला जिवंत पाणी लागलं म्हणतो. नवा अर्थ जुन्या घरात राहायला आला. पाउचला इथे घरच नाही. आणि उडवलेल्या काडतुसाला पंचनाम्यात ‘पुंगळी’ म्हणतात, तो शब्द कुणी इंग्रजीवरून आणला नाही. पोलिसांची मराठी तुम्ही समजता तितकी उसनी नाही. खरा घोळ वेगळाच आहे. बातमीत ‘रिव्हॉल्व्हरचे मॅगझिन’ लिहितात. रिव्हॉल्व्हरला मॅगझिन नसतंच, फिरतं चक्र असतं, बहुधा पाच किंवा सहा घरांचं. आणि ‘सहा गोळ्या भरल्या’ म्हणतात. गोळी म्हणजे फक्त पुढचं शिसं. भरलं जातं ते काडतूस.

तिफण
गोळी आणि काडतुसाचा फरक मी पाळलाय. पण पिशवी राहिली.

रानवाट
पिशवीचं माहीत नाही, फाशांचं सांगते. आजोबांकडे परवान्याचं ३२ बोरचं रिव्हॉल्व्हर होतं. शेत जंगलाला लागून, रात्री जागलीला जात. परवान्यावर किती काडतुसं जवळ ठेवता येतील तो आकडा लिहिलेला असायचा, आणि तेवढी सगळी त्या पट्ट्याच्या फाशांत मावत. निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात जमा व्हायचं. पावतीवर लिहून यायचं, ‘कातडी पट्टा, काडतुसांसह’. इतकंच.

पण घरात त्या पट्ट्याचा एक नियम होता. काडतुसं फाशांत कायम ठेवायची नाहीत. कातडं कमावलेलं असतं, त्यातल्या आंबटाने पितळेवर हिरवं चढतं. आजी म्हणायची, ‘कळकली बघा तुमची काडतुसं.’ पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, तोच शब्द. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आजोबा ओसरीवर बसून एकेक काडतूस काढून कोरड्या फडक्याने पुसायचे, काठाखाली बोट फिरवून बघायचे, आणि पूजेपुरती परत लावायचे. कळकलेलं काडतूस फुगल्यासारखं होऊन चक्राच्या घरात अर्धवट अडकतं, म्हणायचे. तिफण, तुमच्या गोष्टीत म्हातारा शिपाई पट्ट्यातलं काडतूस ओढताना अडकतं असं काही असेल, तर ‘कळकलेलं’ हा शब्द जरूर वापरा. मला तो त्या कुठल्याही पाउचपेक्षा मोलाचा वाटतो.

तिफण
ताई, आहे! तिसऱ्या प्रकरणात अगदी तसंच आहे. मी तिथे ‘गंजलेलं’ लिहून ठेवलं होतं. पितळ गंजत नाही हे लक्षातच आलं नाही. आताच बदललं.

वेचणी
मी वरूडकडची. बंदुका आमच्या घरी कधी नव्हत्या, पण तुम्ही जे पिशवीचं सांगता ते मी रोज पाह्यते. कापूस वेचाले जाताना बाया कमरेले ओटी बांधतात. दोन टोकं मागं, दोन टोकं पुढं. वेचत जायचं, भरत जायचं. ओटी भरली का धुऱ्यावर येऊन पुढचं टोक सोडते बाई, सगळा कापूस एकदम खाली. हात घालून काढत नाही कोणी. तुमचा शिपाई बटण सोडते, ते माह्या मायचं टोक सोडणंच होय. ओटी म्हना त्याले.

आन ते गोल चकतीवालं, त्याले बोंड म्हना. पट्टीवालं म्हंजे तुरीची शेंग, दाणे एका रांगेत. सोलूनच काढता ना?

जुना कोश
ताई, शेंग उत्तम आहे, मनापासून सांगतो. ओटीला मात्र माझा विरोध राहील. ओटी म्हटलं की खण, नारळ, तांदूळ. ओटी भरणे हा शुभ संस्कार आहे. त्यात माणूस मारायचं काडतूस घालायला माझं मन धजत नाही. आणि बोंड म्हणाल, तर बोंडाला चार-पाच कप्पे असतात. रिव्हॉल्व्हरला सहा घरं.

वेचणी
काका, ओटीत कापूस बी जाते, शेंगा बी जाते, पेरणीले बियाणं बी जाते. सणाची ओटी वरसातून दोनदा, कामाची ओटी रोज. कोणती मोठी, तुम्हीच सांगा. आन पाच कप्प्याचं बोंड असते तं पाच घराचं रिव्हॉल्व्हर बी असते, आत्ताच तुम्ही म्हनलं.

पुलगावकर
पाच घरांचं असतं, ताई बरोबर बोलल्या. पण ‘शिपायाने ओटी सोडली’ हे वाचून आमच्या डेपोतला एक माणूस तरी पिशवी डोळ्यांसमोर आणेल का?

आणखी एक भानगड काढतो. पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकन ‘१९१७’ रिव्हॉल्व्हरमध्ये बिनकाठाची, पिस्तुलाची काडतुसं वापरायचे. ती धरायला पोलादी पत्र्याचे अर्धगोल, प्रत्येकात तीन. ‘हाफ मून क्लिप’. ह्याला शुद्ध मराठीत काय, चंद्रकोर?

रानवाट
चंद्रकोर कशी? कोर म्हणजे द्वितीया-तृतीयेची, बारीक. तीन काडतुसं धरणारा अर्धगोल म्हणजे अष्टमीचा चंद्र. अर्धचंद्र म्हणा.

जुना कोश
‘अर्धचंद्र देणे’ म्हणजे मानगूट धरून बाहेर काढणे, हेही लक्षात असू द्या. शिवाय अर्धचंद्राकृती टोकाचा बाण पुराणात येतोच. शब्द आधीच शस्त्राचा आहे.

रानवाट
मग तर घ्यायलाच हवा. पण बाणाचं टोक आणि काडतुसांची पकड एकाच नावाने चालेल का? मला कोरच बरी वाटायला लागलीय. कपाळावरची कोर काही बारीकच असते असं नाही, माझ्या आईची चांगली ठसठशीत होती.

तिफण
चंद्राचं तुम्ही ठरवा, माझ्या गोष्टीत तो नाही. वेचणीताई, तुमच्या बोलण्यावर काल रात्री वाक्य असं करून पाहिलं: ‘त्याने बटण काढलं तसं पिशवीने ओटी सोडावी तशी सहाही काडतुसं तळहातावर टाकली. दोन चिखलात गेली.’ पिशवी पिशवीच ठेवली, ओटी क्रियापदात घातली. मावसभावाला पाठवलंय. त्याचं उत्तर आलं, ‘पिशवीचं समजलं. पण चिखलातली दोन त्यानं उचलली का नाही, ते लिही.’ मूळ गोष्टीत ते लिहिलेलं नाही.

वेचणी
उचलन ना, काहून नाही उचलनार. मोजून मिळते ते.

पुलगावकर
गोळीबार सुरू असताना कोणी खाली वाकत नाही, ताई. आणि तिफण, ‘टाकली’ नको, ‘सोडली’ करा. टाकलेलं माणूस परत घेत नाही.

जुना कोश
‘ओटी सोडावी तशी सोडली’, एकाच वाक्यात दोनदा सोडली? ‘ओतली’ करा.

वेचणी
ओततात ते पाणी, काका.