साठ वर्षे मुरलेली व्हिंटेज पोर्ट उघडावी कशी आणि चाखावी कशी?

प्रश्न (दिवेलागण)

आम्हा सहा स्नेह्यांकडे 1963, 1977 आणि 1994 या वर्षांच्या व्हिंटेज पोर्टची (एकाच वर्षाच्या द्राक्षांपासून केलेल्या गोड, कडक पोर्तुगीज वाइनची) एकेक बाटली आहे आणि त्या एकाच संध्याकाळी चाखण्याचा विचार आहे. गेल्या खेपेस अशीच एक जुनी बाटली आम्ही घाईने उघडली; बुचाचा भुगा झाला, गाळ ढवळला गेला आणि पहिल्याच घोटाला स्पिरिटचा भपकारा आल्यामुळे वाइन उतरली असे समजून आम्ही पेले बाजूला सारले. तीन तासांनी आवराआवर करताना एका पेल्याच्या तळाशी उरलेल्या घोटभर वाइनला सुक्या अंजिराचा आणि अक्रोडाचा इतका सुरेख वास येत होता की ती रुखरुख अजून गेलेली नाही. या वेळी काय सांभाळावे आणि क्रम कोणता ठेवावा?

प्रतिसाद (नितळ)

त्या भपकाऱ्याचे मूळ या वाइनच्या घडणीतच आहे. पोर्तुगालमधील दोरू नदीच्या खोऱ्यात द्राक्षरस आंबत असतानाच, बरीच साखर शिल्लक असताना, त्यात सुमारे 77 टक्के अल्कोहोल असलेले द्राक्षांचे स्पिरिट घालून आंबणे थांबवतात. म्हणून पोर्ट गोड राहते आणि तिच्यात अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास असते. टॉनी पोर्ट लाकडी पिंपात मुरते, व्हिंटेज मात्र दोन-तीन वर्षांतच बाटलीत जाते आणि पुढची कित्येक दशके तिथेच मुरते. या काळात रंगद्रव्ये आणि टॅनिन (द्राक्षांच्या सालीबियांतले तुरट द्रव्य) एकमेकांना चिकटून खाली बसतात. तोच आपला गाळ.

बाटल्या दोन दिवस आधी उभ्या करून ठेवा. बूच हळूहळू काढा, आणि ते तुटलेच तर वाइन स्वच्छ मलमलीतून गाळून घ्या. (तापवलेल्या चिमट्याने मान तडकवण्याची जुनी रीत आहे, परंतु पहिल्यांदा तो प्रयोग 1963 वर करू नये.) वाइन दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतताना बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती ठेवा आणि एकाच संथ धारेत ओतत राहा, मध्ये बाटली सरळ करू नका. शेवटी शेवटी खांद्यावरून मानेकडे धुरासारखी एक काळसर रेघ सरकताना दिसेल. ती मानेत शिरण्यापूर्वी हात थांबवावा. तळाशी उरलेल्या वाइनचा मोह तेवढ्यापुरता सोडावाच लागतो.

प्रतिसाद (जुनेपिंप)

वरील सर्व योग्य आहे. क्रमाबाबत मी आग्रहाने सांगेन की सर्वांत जुनी आधी घ्यावी. 1994 ची घट्ट गोडी आणि टॅनिन जिभेवर बसले की 1963 चा नाजूकपणा हरवतो. जुन्या पोर्टचा रंग विटकरी होतो, कडेला तांबूस-पिवळी झाक येते आणि ताज्या फळाच्या जागी सुकामेवा, मध, चहाची पाने असे वास येतात. हे दोष नव्हेत. 1963 च्या पुष्कळ बाटल्या पिंपांतून इंग्लंडला नेऊन तिथल्या व्यापाऱ्यांनी भरल्या होत्या, त्यामुळे एकाच उत्पादक घराण्याच्या दोन बाटल्यांतही फरक आढळतो.

प्रतिसाद (नितळ)

क्रम मान्य. वेळेबाबत इतकेच, की 1963 दोन तास आधी ओतून ठेवावी आणि पहिल्या घोटावर निकाल न देता दर अर्ध्या तासाने थोडी थोडी चाखावी. 1994 मात्र सकाळीच ओतली तरी चालेल.

प्रश्नकर्ता (दिवेलागण)

आपणा दोघांचे मनापासून आभार. बाटल्या आजच उभ्या केल्या आहेत. 1963 मधली वाइन मानेच्या तळाशी आहे, म्हणजे बुचाने साथ दिलेली दिसते. या वेळी प्रत्येकाच्या पेल्यात घोटभर 1963 शेवटपर्यंत राखून ठेवू.